विद्यार्थी ओपॅक सोडून काउंटरवर का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालय-संगणकप्रणाली बसवून बराच काळ झाला, पुस्तकांच्या नोंदी जवळपास पूर्ण आहेत, तरी विद्यार्थी ओपॅक, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची ऑनलाइन तालिका, न उघडता थेट देवघेव काउंटरवर येऊन 'अमुक पुस्तक आहे का' असं विचारतात. आता नवं, आकर्षक शोधपान करून घ्यायला पैसे मंजूर झाले आहेत. पहिल्या पानावर काय ठेवावं, फिल्टर कोणते द्यावेत आणि मुखपृष्ठांची सरकती पट्टी हवी का, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

ग्रंथालयांच्या शोधप्रणालींवर मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येतो. माझं मत आधीच सांगते. पानाच्या रूपावर खर्च करण्याआधी विद्यार्थी शोधचौकटीत नेमके कोणते शब्द टाकतात ते बघा, आणि त्या शब्दांनी तुमच्या नोंदी सापडतात का ते तपासा. बहुतेक ग्रंथालयांत घोडं तिथेच अडलेलं असतं.

काउंटरवर येणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी समजू नका. तिथे उत्तर मिळतं आणि ओपॅकवर मिळत नाही, हे त्याने अनुभवाने ओळखलेलं असतं. काउंटरवरचा सहायक काय करतो ते जरा बारकाईने बघा. अर्धवट किंवा चुकीचं शीर्षक सांगितलं तरी त्याला पुस्तक कळतं. एकाच नावाच्या दोन पुस्तकांपैकी कोणतं, हे तो विचारून घेतो. अभ्यासक्रमाला कोणती आवृत्ती चालते ते त्याला माहीत असतं. आणि शेवटी तो हात करून सांगतो, 'त्या कपाटात, खालच्या फळीवर.' शोधा, ओळखा, निवडा, मिळवा, अशी ही चार कामं. चार्ल्स कटर यांनी १८७६ साली छापील तालिकेची उद्दिष्टं मांडली, त्यांतली पहिली तीन तिथे जवळपास याच अर्थाने आहेत. 'इफ्ला' या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये वाचकाची कामं म्हणून हीच चार नावं दिली. तुमचा ओपॅक यांतलं कोणतं काम करत नाही, हे आधी कळायला हवं.

यातलं तुम्हाला किती लागू पडेल ते परिस्थितीवर अवलंबून आहे. ग्रंथालय मुक्तद्वार असेल, म्हणजे वाचक स्वतः कपाटातून पुस्तक घेत असतील, तर पुस्तक कुठे ठेवलंय हे दाखवण्याला फार महत्त्व येतं. पुस्तकं आतून आणून देत असाल तर मागणी नोंदवण्याची सोय त्याहून महत्त्वाची. मागणी मुख्यतः क्रमिक पुस्तकांना असेल तर आवृत्त्यांचा गोंधळ आधी निस्तरावा लागेल, आणि संशोधक जास्त असतील तर विषयशोध. नोंदी एकाच भाषेत आहेत की दोन-तीन लिप्यांत, हा तर मोठाच फरक. नोंदी दुरुस्त करायला तुमच्याकडे किती माणसं आहेत, तेही बघावं लागेल, कारण मी सुचवणार आहे त्यातलं निम्मं काम नोंदींचं आहे आणि ते कुठलीही कंपनी तुमच्यासाठी नीट करणार नाही.

आता शोधशब्द मिळवायचे कसे? कोहात लॉगिन केलेल्या वाचकाचा शोध-इतिहास ठेवता येतो, पण बहुतेक जण लॉगिन न करताच शोधतात. त्यांचे शब्द वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींत, असतात. ओपॅकवर शोध घेतला की तयार होणाऱ्या पत्त्यात 'क्यू' आणि बरोबरचं चिन्ह यांच्यापुढे टाकलेला मजकूर येतो. देवनागरी मजकूर तिथे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात दिसतो, तो उलगडून घ्यावा लागतो. संगणकप्रमुखांना सांगून एका पूर्ण सत्राचा लॉग काढा. परीक्षेचे दिवस त्यात आलेच पाहिजेत. फाइल तुमच्या हातात पडण्याआधी आयपी पत्ते (संगणकांची ओळख) काढून त्यांच्या जागी नुसते क्रमांक टाकायला सांगा, म्हणजे एका बैठकीतले शोध जोडता येतील. कोणी काय शोधलं हे तुम्हाला नको आहे, काय शोधलं गेलं एवढंच हवंय.

एक मर्यादा लक्षात ठेवा. काय टाइप केलं हे लॉग सांगतो, पुस्तक मिळालं का ते सांगत नाही. 'शून्य निकाल' आलेले शोध वेगळे काढणं सोपं आहे, पण त्याहून वाईट शोध असतो तो शेकडो निकाल देणारा आणि हवं ते पुस्तक तिसऱ्या पानावर टाकणारा. म्हणून सर्वांत जास्त वेळा आलेले शंभरेक शोध घ्या आणि स्वतः ओपॅकवर एकेक टाकून बघा. जे ओपॅककडे फिरकतच नाहीत त्यांचे शब्द लॉगमध्ये नसतात, तेव्हा काउंटरवर एक वही ठेवा आणि विद्यार्थी ज्या शब्दांत मागणी करतो ते शब्द जसेच्या तसे टिपून घ्या. सहायकांना बजावून सांगा की शीर्षक दुरुस्त करून लिहायचं नाही. चुकीचं शीर्षकच आपल्या कामाचं आहे.

लॉग वाचताना सुटे शोध न बघता एकाच बैठकीतले सलग शोध एकत्र लावा. त्याशिवाय वाचकाची धडपड दिसत नाही. नमुन्यादाखल एक साखळी घेऊ. अशा साखळ्या नेहमी सापडतात. विद्यार्थी आधी देवनागरीत 'डेटा स्ट्रक्चर' टाकतो. नोंदी रोमन लिपीत आहेत, म्हणून निकाल शून्य. मग तेच रोमन लिपीत टाकतो, एक अक्षर गाळून. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा अक्षरं बरोबर येतात आणि तीनशेवर निकाल येतात. पहिल्या पानावर जुने प्रकल्प-अहवाल, कारण त्यांच्या सारांशात ते शब्द वारंवार आलेले. चौथ्यांदा तो लेखकाचं आडनाव जोडतो. आता एकाच पुस्तकाच्या सहा आवृत्त्या सहा वेगळ्या नोंदी म्हणून येतात. तो पहिली उघडतो. ती सर्वांत जुनी आवृत्ती असते आणि तिची एकमेव प्रत बाहेर गेलेली असते. साखळी इथे संपते. नव्या आवृत्तीच्या दोन प्रती त्याच क्षणी कपाटात होत्या. त्यांची नोंद यादीत चौथी होती.

लिपी, शुद्धलेखन, निकालांचा क्रम, आवृत्त्यांची मांडणी आणि उपलब्धतेची माहिती अशा पाच ठिकाणी हा विद्यार्थी अडखळला. यातलं काहीही नवं बॅनर लावून सुटत नाही. संशोधक क्रिस्टीन बोर्गमन यांनी १९८६ साली ऑनलाइन तालिका वापरायला अवघड का जातात यावर लेख लिहिला आणि १९९६ मध्ये, त्या अजूनही अवघड का आहेत, यावर दुसरा. त्यांची मांडणी मला आजही उपयोगी पडते. वाचकाला तीन गोष्टी याव्या लागतात: आपली गरज प्रश्नाच्या रूपात मांडणं, तो प्रश्न त्या विशिष्ट प्रणालीला समजेल असा घालणं, आणि प्रत्यक्ष यंत्र चालवणं. पडदे सुधारले तशी तिसरी अडचण बरीच कमी झाली. पहिल्या दोन मात्र तशाच राहिल्या, कारण प्रणालीची रचना नोंद करणाऱ्याच्या सोयीने झालेली असते.

म्हणून कामाला नोंदींपासून सुरुवात करा. विद्यार्थी विषयशीर्षकं, म्हणजे ग्रंथालयाने विषयांना दिलेली ठरावीक नावं, टाकत नाहीत. ते पेपरचं नाव टाकतात, प्रकरणाचं नाव टाकतात, शिक्षकांनी वर्गात वापरलेला शब्द टाकतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत पाककलेला २०१० पर्यंत 'कुकरी' म्हणत, तर वाचक टाकणार 'कुकिंग'. अशा वेळी अधिकृत शीर्षकाच्या अथॉरिटी नोंदीत, म्हणजे ठरलेलं नाव आणि त्याची पर्यायी रूपं एकत्र ठेवणाऱ्या नोंदीत, वाचकाचा शब्द 'पाहा' संदर्भ म्हणून असला आणि तो शोधाला जोडलेला असला, की वाचक कोणत्याही वाटेने योग्य जागी पोचतो. ही सोय कार्डांच्या काळापासूनची आहे. अथॉरिटी नोंदी नसतील आणि त्या उभारायला माणसं नसतील, तर निदान लॉगमध्ये वारंवार आलेले शब्द मार्क या नोंदींच्या प्रमाण आराखड्यातल्या ६५३ क्षेत्रात, म्हणजे अनियंत्रित शब्दांच्या जागी, भरा. ज्या नावाने पुस्तक ओळखलं जातं ते मुखपृष्ठावरच्या शीर्षकाहून वेगळं असेल तर ते २४६ मध्ये द्या. संपादित ग्रंथ आणि लेखसंग्रह यांची अनुक्रमणिका ५०५ मध्ये टाका. माझ्या मते एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा देणारं दुसरं काम नाही, कारण प्रकरणाच्या नावाने शोधणाऱ्याला पुस्तक सापडण्याचा तो एकमेव मार्ग असतो. सगळ्या संग्रहावर हे करायला जाऊ नका. सर्वाधिक मागणीच्या पुस्तकांपासून सुरू करा. पेपरच्या नावांसाठी कोहातला कोर्स रिझर्व्हचा विभाग वापरून बघा. पेपरनुसार पुस्तकांची यादी त्यात लावता येते.

विषयशोधाची जुनी कहाणीही इथे सांगण्यासारखी आहे. रे लार्सन यांनी १९९१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेल्विल तालिकेतल्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विषयशोधाचं प्रमाण घटत गेलेलं आणि शीर्षकातल्या शब्दांनी शोधण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. विषयशोधात वाचकाच्या पदरी एक तर काहीच पडत नाही किंवा निकालांचा ढीग येतो, आणि मग तो ती वाट सोडतो. हे वाचून काही जण विषयशीर्षकं देणंच बंद करा म्हणतात, ते मला पटत नाही. विषयशीर्षकं वाचकाने टाइप करायची नसतात. एक बरं पुस्तक सापडल्यावर तिथून पुढे जाण्यासाठी ती असतात. मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की माणसं एकदाच प्रश्न घालून थांबत नाहीत. थोडं मिळतं, त्यावरून प्रश्न बदलतो, पुन्हा थोडं मिळतं. म्हणून प्रत्येक नोंदीत विषय, लेखक आणि मालिका यांवर टिचकी मारून पुढे जाता आलं पाहिजे. इफ्लानेही २०१७ च्या प्रारूपात चार कामांना 'धुंडाळणं' हे पाचवं काम जोडलं.

लिपीचा प्रश्न तुमच्याकडे असणारच. कोहा झेब्रा या शोधयंत्रावर चालत असेल तर अनुक्रमणीसाठी, म्हणजे नोंदींतल्या शब्दांची शोधसूची बनवण्यासाठी, आयसीयू पद्धत लावली आहे का ते पहिल्यांदा विचारा. रोमनेतर लिप्यांसाठी ती लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ती लावलेलीच नसते. मग नोंदी तपासा. 'संबंध' आणि 'सम्बन्ध' दोन्ही लिहिलेले असतात. 'दऱ्या' हा शब्द ऱ या स्वतंत्र अक्षराने टाइप होतो आणि साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते वेगळे वाटतात, आणि एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही. जुन्या नोंदी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या असतील तर त्यातला मजकूर शोधाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. तो रूपांतरित करून घ्यावाच लागेल. मूळ लिपीतलं आणि रोमन लिपीतलं अशी दोन्ही शीर्षकं ठेवायला मार्कमध्ये ८८० हे क्षेत्र आहे. लेखकांची दोन लिप्यांतली नावं अथॉरिटी नोंदीत जोडली तर एकदा केलेलं काम त्यांच्या सगळ्या पुस्तकांना लागू होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचक करणारच. त्यासाठी अनुक्रमणी करताना थोडी सैल जुळणी ठेवावी, पण अचूक जुळलेलं नेहमी वर यावं.

निकालांच्या क्रमाबद्दल माझा ठाम आग्रह आहे. टाकलेले शब्द पूर्ण शीर्षकाशी तंतोतंत जुळत असतील तर ती नोंद पहिलीच आली पाहिजे. त्याखाली शीर्षक आणि लेखक यांचं वजन, मग विषय, आणि सारांश किंवा टिपांचं सर्वांत कमी. कोहा इलास्टिकसर्च या दुसऱ्या शोधयंत्रावर चालत असेल तर क्षेत्रांना अशी वजनं देता येतात. नव्याला प्राधान्य द्यायचं का, हे विषयावर ठरतं. संगणकशास्त्रात द्यावं, इतिहासात किंवा गणितात देऊ नये. सगळ्यांना एकच नियम लावण्यापेक्षा एकाच पुस्तकाच्या आवृत्त्या एकत्र आणून त्यांतली नवी वर दाखवणं बरं.

यादीतल्या प्रत्येक ओळीत वाचकाला निर्णय घेता येईल एवढं द्या: शीर्षक, लेखक, आवृत्ती, वर्ष, कपाटात किती प्रती आहेत, नसतील तर परत कधी येणार, आणि जागा. हे पाहायला नोंद उघडावी लागू नये. वरच्या साखळीतल्या विद्यार्थ्याला 'दोन प्रती उपलब्ध' एवढं यादीतच दिसलं असतं तर तो पुस्तक घेऊन गेला असता. जागा दाखवताना नुसता '००५.७३' हा क्रमांक देऊन भागत नाही. वर्गांक वाचायचा कसा हे आपल्याला येतं, पहिल्या वर्षाच्या मुलाला येत नाही. 'पहिला मजला, संगणकशास्त्र, कपाट १२' असं लिहा आणि क्रमांक त्याच्या शेजारी ठेवा. कपाटांवरही तीच नावं हवीत. आणि ओपॅकने 'उपलब्ध' म्हटलं की पुस्तक तिथे असलंच पाहिजे. दोनदा खोटं निघालं की विद्यार्थी तिसऱ्यांदा ओपॅक उघडत नाही. तेव्हा पडताळणीत न सापडलेली पुस्तकं ताबडतोब 'गहाळ' करा, आणि परत आलेली पण अजून कपाटात न गेलेली पुस्तकं कुठे असतात तेही लिहून ठेवा.

फिल्टरबद्दल तुम्ही विचारलंत. २००६ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाने एंडेका हे तंत्र वापरून फिल्टर असलेला ओपॅक आणला, आणि तेव्हापासून डाव्या बाजूची ती यादी सगळीकडे दिसते. चार-पाच पुरेत: उपलब्ध, साहित्यप्रकार, भाषा, वर्ष, विषय. 'उपलब्ध' सर्वांत वर. फिल्टर नोंदींवर जगतात. भाषेचा फिल्टर ००८ क्षेत्रातल्या ३५ ते ३७ या स्थानांवरच्या संकेतावर चालतो. घाईने नक्कल केलेल्या नोंदींत तिथे हमखास चुकीची भाषा असते, आणि मग फिल्टर लावल्यावर पुस्तकं गायब होतात. कोहात फिल्टर किती नोंदी पाहून बनवायचे याचीही एक सेटिंग आहे, 'मॅक्स रेकॉर्ड्स फॉर फॅसेट्स' नावाची. ती लहान आकड्यावर असेल तर फिल्टर पहिल्या काही निकालांपुरतेच बनतात आणि पुढचं काही दिसत नाही. ती बघून घ्या.

शून्य निकालाच्या पानाकडे कोणाचं लक्षच नसतं, आणि वाचक सर्वांत जास्त हताश तिथेच होतो. तिथे जवळच्या स्पेलिंगची सूचना द्या, कमी शब्दांनी शोधून काय मिळतं ते दाखवा, आणि 'हे पुस्तक मागवा' व 'ग्रंथपालांना विचारा' अशा दोन दुव्यांत त्याने टाकलेले शब्द आपोआप जाऊ द्या. त्यातून खरेदीची यादीसुद्धा तयार होते.

पहिल्या पानावर एक रुंद शोधचौकट, तिच्याखाली वेळा आणि 'माझं खातं' एवढंच ठेवा. मुखपृष्ठांची सरकती पट्टी मी ठेवणार नाही. ती मोबाइलवर जागा खाते, हलत राहिल्याने काहींना वाचायला त्रास होतो, आणि शोधायला आलेल्या माणसाच्या कामाची नसते. नव्या पुस्तकांचं वेगळं पान करा आणि शेजारच्या फळीवरची पुस्तकं दाखवणारी सोय नोंदीच्या पानावर सुरू करा. धुंडाळणाऱ्याचं समाधान त्याने अधिक होतं. प्रगत शोध असू द्या, पण दुव्याआड. कळफलकाने सगळं चालतं का, पडदावाचकाला (अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) प्रत्येक चौकटीचं नाव कळतं का, आणि मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ आहे का, ही कलमं करारातच घाला. 'उपलब्ध' हिरव्यात आणि 'बाहेर' लाल रंगात दाखवून थांबू नका, शब्दही लिहा. वाचन-इतिहास ठेवायचा की पुसायचा हे वाचकाला ठरवू देण्याची सोय कोहात आहे. ती चालू करा.

नंतर विद्यार्थ्यांबरोबर बसून बघा. एका वेळी पाचेक जण पुरतात, पण बदल करून पुन्हा पाच बोलवा. त्यांना 'हे शीर्षक शोध' असं सांगू नका, कारण मग तुमचे शब्द त्यांच्या तोंडी जातात. 'उद्या या विषयावर वर्गात बोलायचंय, इथून काय नेशील?' असं विचारा, पुस्तक प्रत्यक्ष हातात येईपर्यंत त्यांच्याबरोबर कपाटापर्यंत जा, आणि मध्ये मदत करू नका. गप्प राहणं अवघड जातं, मला अजूनही जातं. पण तो कुठे थांबतो, काय पुन्हा वाचतो आणि कोणत्या क्षणी मान वळवून काउंटरकडे बघतो, हे कोणत्याही लॉगमध्ये सापडत नाही.

कंपनीशी बोलताना 'शोध चांगला हवा' असं लिहून देऊ नका, त्याला काही अर्थ उरत नाही. लॉग आणि काउंटरची वही यांतून चाळीस-पन्नास खरे शोध निवडा, चुकीच्या स्पेलिंगसकट, आणि प्रत्येकापुढे कोणती नोंद पहिल्या तीनांत यायला हवी ते लिहा. ही यादी करारासोबत जोडा. काम ताब्यात घेताना ती चालवून बघा, आणि पुढे कोहाची आवृत्ती बदलली, अनुक्रमणी नव्याने केली किंवा कोणी सेटिंगला हात लावला, की दर वेळी पुन्हा चालवा. सत्र बदललं की यादीतले जुने शोध काढून लॉगमधले नवे घाला. यादी तयार झाल्यावर काही शोध कुठल्याच उपायाने वर येत नसतील, तर त्या नोंदींचं मार्क रूप मला दाखवा.